लॅमिंग्टन रोडची यात्रा

मुंबईतल्या जुन्या रस्त्यांना बहुधा दोन नावे असतात. एक पाटीवरचे आणि दुसरे तोंडातले. पाटीवरचे नाव महापालिका बदलू शकते, तोंडातले नाव बदलण्याची सत्ता मात्र तिच्याकडे नाही. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की जो रस्ता लागतो, त्याच्या पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे लिहिलेले आहे. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून पाहा. तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहील आणि मग विचारील, “म्हणजे लॅमिंग्टन रोड ना?”

हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यापूर्वी ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते आणि तिकडे त्यांच्या नावाचा एक केक अजून घरोघर होतो. चौकोनी तुकडे, वर चॉकलेटचा लेप आणि त्यावर खोबऱ्याचा कीस. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या सभेत जे जखमी झाले त्यांत हे लॅमिंग्टनही होते. त्यांच्या नावाचा रस्ता एके काळी रेडिओसाठी आणि आता संगणकांसाठी साऱ्या मुंबईला ठाऊक होईल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल.

खरे म्हणजे हा सारा परिसरच करमणुकीचा. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी आपली नाटकमंडळी मुंबईत आणली ती १८५३ साली, आणि त्यांचे खेळ झाले ते ग्रँट रोडच्याच नाट्यगृहात. रस्त्याच्या दक्षिण टोकाला ऑपेरा हाऊसची देखणी वास्तू उभी आहे. पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ साली तिचे उद्घाटन झाले, १९९३ साली ती बंद पडली आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडली. मधल्या पट्ट्यात चित्रपटगृहांची रांग होती. ‘शोले’ १९७५ च्या स्वातंत्र्यदिनी लागला आणि पुढे पाच वर्षे ज्या मिनर्व्हात चालला, ते मिनर्व्हा याच रस्त्यावर होते. आता ते राहिले नाही. याच रस्त्यावर ते पोलीस ठाणे आहे, जिथले तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना बंदुकीपुढे उभे राहिले. या ठाण्यावरून जाताना पाऊल आपोआप थोडे हळू पडते.

चित्रपटगृहांच्या सावलीत येथे ध्वनीचा व्यापार वाढला. लाउडस्पीकर, अँप्लिफायर, रेडिओचे व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग दूरदर्शन संचांचे सुटे भाग. रेडिओ बिघडला की मुंबईकर गृहस्थ तो पिशवीत घालून येथे येई. पुढे रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले. रस्ता मात्र गेला नाही. त्याच गाळ्यांत, त्याच लाकडी फळ्यांवर आता संगणक येऊन बसले. घराचे भाडेकरू बदलावेत आणि घरमालकाने तीच खुर्ची टाकून ओसरीवर बसावे, तसा हा प्रकार आहे.

अशा या रस्त्यावर जाण्याचा योग मला आला तो भाचीमुळे. माझी थोरली बहीण राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात असते. तिचे यजमान एस. टी.त वाहक आहेत. मुलगी हुशार, संख्याशास्त्र शिकायचे म्हणून मुंबईच्या महाविद्यालयात नाव घातले आणि राहायला आमच्याकडे डोंबिवलीला आली. पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाने सांगितले, प्रत्येकाजवळ लॅपटॉप हवा. झाले! भावोजी रजा काढून रातराणीने मुंबईत दाखल झाले. पतपेढीतून ४० हजारांचे कर्ज काढलेले आणि घरातले २५ हजार, असे ६५ हजार रुपये त्यांनी बँकेत तयार ठेवले होते.

हे २५ हजार कसले, ते बहिणीने आदल्या रात्री फोनवर माझ्या पत्नीला सांगितले. मागल्या पडवीचे वासे वाळवीने खाल्ले आहेत. गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी कौले खचली. यंदा दसऱ्यानंतर नवे वासे घालायचे म्हणून भातविक्रीचे आणि आंब्याचे पैसे बाजूला ठेवले होते, तेच भावोजींनी उचलले. “पडवी आणखी एक पावसाळा काढील,” असे ते म्हणाले. घरात हे बोलणे झाले तेव्हा मुलगी आतल्या खोलीत होती. तिने ऐकले, पण बोलली नाही.

रविवारी येथली बहुतेक दुकाने बंद, म्हणून आम्ही शनिवारी निघालो. डोंबिवलीहून दादर, तेथे पूल ओलांडून चर्चगेटची धीमी गाडी, आणि मग ग्रँट रोड. ज्येष्ठ महिना, आभाळ भरून आलेले, पण पावसाचा थेंब नाही. स्टेशनाबाहेर पडताच घामाने सदरा पाठीला चिकटला.

लॅमिंग्टन रोडचे पहिले दर्शन नवख्याला गोंधळात पाडणारे असते. पदपथावर वायरींची भेंडोळी, चार्जर, कीबोर्ड, उंदरांची रास (येथे ‘उंदीर’ म्हणजे अर्थातच माउस). दर दहा पावलांवर एक तरुण पुढे येऊन कानाशी कुजबुजतो, “लॅपटॉप? रिपेरिंग? सेकंडहँड? आओ ना साहेब, देखने का पैसा नहीं.” इमारती जुन्या, जिने लाकडी, आणि जिन्याच्या तोंडाशी पाट्यांची इतकी दाटी की कोणते दुकान कोणत्या मजल्यावर हे शोधणे म्हणजे मोडी दस्तऐवज वाचण्यापैकीच. प्रॉक्टर रोडसारख्या आडगल्लीत गेले तर डाळ-तांदूळ मापून द्यावेत तसे रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजून देणारी दुकाने. भावोजींनी सारे वाहकाच्या नजरेने पाहिले आणि अभिप्राय दिला, “मास्तर, गणपतीच्या गर्दीतला राजापूरचा स्टँड बरा. तिथे निदान गाडीवर पाटी तरी एकच असते.”

पहिल्या तीन दुकानांतच आमच्या लक्षात आले की ‘जुने मॉडेल’ या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या वस्तू दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे मागल्या सालातले, पण खोके न फोडलेले यंत्र. कंपनीने नवे काढले म्हणून ते स्वस्त झालेले. दुसरी म्हणजे मोठ्या कचेऱ्यांनी काही वर्षे वापरून परत केलेले आणि येथे साफसूफ करून, नवे भाग घालून पुन्हा विकायला मांडलेले. याला बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. आणि तिसरी म्हणजे कोणाच्या तरी घरातून आलेले, जसे आहे तसे. त्याची जबाबदारी देव जाणे. तिसरी आम्ही तिथेच सोडली. राहिल्या दोन, आणि त्यांच्या डोक्यावर तिसरे म्हणजे अगदी ताजे, कोरे, यंदाचे मॉडेल.

एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वयस्क कच्छी शेठ भेटले. त्यांचे वडील याच गाळ्यात रेडिओचे भाग विकीत. शेठ घाई करीत नव्हते आणि कोणाला हात धरून आत ओढीतही नव्हते, म्हणून आम्ही तेथे बसलो. त्यांनी तीन यंत्रे शेजारी शेजारी मांडली. यंदाचे कोरे, ६१ हजार. मागले मॉडेल, खोके बंद, ४४ हजार. आणि कचेरीतून आलेले, २१ हजार. भावोजींचा हात सरळ पहिल्यावर गेला. भाचीचा तिसऱ्यावर.

“बाबा, हे एकवीसचे चालेल मला,” ती म्हणाली.

“चालेल म्हणजे? चालायला काय, लाल डबाही चालतो,” भावोजी म्हणाले. “मी सगळी पुस्तके जुनी वापरली. अर्ध्या किमतीची, पाने सुटलेली, दुसऱ्याची नावे खोडलेली. तुला नवेच घ्यायचे.”

या वाक्यापुढे तिला बोलता येईना. मी शेठना म्हटले, “आधी आम्हाला हे तिन्ही समजावून सांगा. मग ठरवू.”

शेठनी चहा मागवला आणि पहिला धडा दिला तो आकड्यांचा. यंत्राच्या अंगावर ‘आय-फाइव्ह’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि गिऱ्हाईक तेवढीच वाचते. तिच्यावरून वय कळत नाही. वय कळते ते पुढच्या आकड्यावरून. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १३३५ म्हणजे तेरावी. दोन्हींवर आय-फाइव्हच लिहिलेले, पण सातव्या पिढीतल्या ७२०० मध्ये कोअर दोन आणि आठव्या पिढीतल्या ८२५० मध्ये चार. घरात राबणारी माणसे एकदम दुप्पट झाली, आणि बाहेरची पाटी मात्र तीच! आडनावावरून सून पसंत करण्यासारखे हे आहे, असे माझ्या मनात आले. परंतु भाची बरोबर असल्यामुळे मी ते मनातच ठेवले.

हा पिढ्यांचा हिशेब केवळ वेगापुरता नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली विंडोज ११ काढले आणि दाराशी अट घातली; इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा आणि आत टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षिततेची सोय हवी. मग १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जुन्या विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. म्हणजे सातव्या पिढीचे यंत्र, मग ते आतून कितीही धडधाकट असो, एका दिवसात वृद्धाश्रमात जाऊन बसले. त्यावर लिनक्स घालून संसार चालवता येतो आणि जाणकार मंडळी तो चालवतातही. पण महाविद्यालयात शिक्षक सांगतील तेच पहिल्या दिवशी उघडले पाहिजे, अशा मुलीला तो मार्ग सुचवणे मला प्रशस्त वाटेना.

आमच्यापुढचे २१ हजारांचे यंत्र आठव्या पिढीचे होते. म्हणजे उंबरठ्याच्या आत, परंतु अगदी उंबरठ्यावर. आठवी पिढी बाजारात आली २०१७ साली. भाचीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. पुढल्या वेळी उंबरठा उंच झाला तर पहिली ठेच याच यंत्राला लागणार.

“त्याची बॅटरी पाहू का?” भाचीने विचारले. शेठनी मान हलवली. तिने काळी चौकट उघडली, ‘पॉवरसीएफजी’ अशा काही अक्षरांची एक आज्ञा लिहिली, आणि यंत्राने आपल्या बॅटरीची जन्मपत्रिकाच पडद्यावर काढून दिली. मूळ क्षमता पन्नास हजार, आज उरलेली एकतीस हजार. आकडे मिलिवॉट-तासांचे. ही युक्ती विंडोजच्या कोणत्याही यंत्रावर चालते, आणि जुने यंत्र घेणाऱ्याने ती पाठ करून यावे असे मी वाचकांना सुचवतो. शेठ हसले. “मुलगी हुशार आहे. बॅटरी नवी बसवून देईन, पण तिचे वेगळे पडतील.”

भावोजी इतका वेळ यंत्र उलटेपालटे करून पाहत होते. बिजागरी दाबून पाहिली, कडेचे स्क्रू पाहिले. मग म्हणाले, “समजले. ही जुन्या चासीवरची नवी बॉडी.”

एस. टी.त ही गोष्ट नवी नाही. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथल्या कार्यशाळांत चासीवर बॉडी बांधतात, आणि मूळ चासी चांगली असेल तर जुनी बॉडी उतरवून तीवर नवी चढवतात. “गाडी स्टँडवर आली की चकचकीत दिसते,” भावोजी सांगू लागले. “प्रवासी म्हणतात, वा, नवी गाडी! पण अणुस्कुरा घाट चढायला लागली की ड्रायव्हरला कळते, आतले इंजिन कोणते आहे ते. गाडी वाईट नसते. वर्षानुवर्षे चालते. पण तिच्यामागे कार्यशाळा असते, मेकॅनिक असतो. हिच्यामागे कोण?”

प्रश्न बिनतोड होता. शेठनीही तो मानला. त्यांच्या दुकानाची हमी सहा महिन्यांची. त्यानंतर दुरुस्ती आपल्या पैशाने. ज्याच्या हाताला स्क्रूड्रायव्हरची सवय आहे, किंवा ज्याला घरात एका टेबलावर पत्रव्यवहार आणि हिशेब करायचे आहेत, त्याला असे यंत्र म्हणजे चांगला सौदा. कचेऱ्यांसाठी केलेली यंत्रे मुळात दणकट असतात, आणि त्यांतल्या कित्येकांत स्मृती आणि साठवण आपल्याला बदलता येते. पण रोज डोंबिवलीच्या गाडीत चेपून जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर ते सव्वादोन किलो, मरणपंथाची बॅटरी आणि सहा महिन्यांची हमी घालणे म्हणजे तिला पहिल्याच वर्षी घाटात सोडून देण्यासारखे होते.

भाचीने यंत्र हळूच बाजूला सरकवले. भावोजींच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसू लागला. “मग झाले तर! शेठ, ते नवे बांधा.”

“थांबा बाबा,” ती म्हणाली. “या दोघांच्या आत काय आहे ते मला पाहू दे.”

आता गंमत झाली ती अशी. ६१ हजारांच्या यंत्रावरचे नाव होते ‘कोअर फाइव्ह १२० यू’. त्यात आय नाही, पिढीचा चार आकडी क्रमांक नाही, सारेच नवे. ४४ हजारांच्या यंत्रावर होते ‘कोअर आय-फाइव्ह १३३५ यू’. इंटेलने १३३५ काढला तो २०२३ च्या जानेवारीत आणि १२० यू २०२४ च्या जानेवारीत. भाचीने दोन्हींची माहिती भ्रमणध्वनीवर काढून शेजारी ठेवली. याचे कोअर दहा, त्याचेही दहा. याचे दोन मोठे आणि आठ लहान, त्याचेही तसेच. कमाल वेग याचा ४.६ गिगाहर्ट्झ, त्याचा ५.० गिगाहर्ट्झ. एवढाच काय तो मुख्य फरक. आणि मागे गेले तर बाराव्या पिढीतला १२३५ यू. त्याचेही दोन मोठे, आठ लहान, वेग ४.४. तीन बारशी झाली, पण बाळ बहुतांशी तेच.

सरसकट सर्वच नव्या यंत्रांचे असे असते, असे मात्र कोणी समजू नये. इंटेलने २०२३ च्या डिसेंबरात ‘कोअर अल्ट्रा’ नावाची यंत्रे काढली, त्यांची बांधणी खरोखरच वेगळी आहे. ॲपलने २०२० साली इंटेलची संगत सोडून आपला एम-वन आणला, तेव्हा तर नव्या-जुन्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला, आणि त्या वर्षी जुने घेणारा फसला. मेमरीतही डी.डी.आर.-४ आणि डी.डी.आर.-५ असा जातिभेद आहे. एकाच्या खोबणीत दुसरे बसत नाही. म्हणून ‘नवे ते चांगले’ हेही खोटे आणि ‘नवे म्हणजे नुसता देखावा’ हेही खोटे. प्रत्येक वेळी झाकण उघडून पाहावे लागते. कधी पंचांग बदललेले असते, कधी नुसते मुखपृष्ठ.

भाची वडिलांकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, याला काय म्हणायचे? नव्या बॉडीखाली चासी तीच ना?”

भावोजी गप्प झाले. आपलेच तिकीट आपल्यालाच कोणी पंच करून द्यावे, तसा त्यांचा चेहरा झाला. मग ते म्हणाले, “पण आपल्या घरात एवढी मोठी वस्तू पहिल्यांदा येते आहे. ती मागल्या सालची कशाला?”

“खोके बंद आहे, बाबा. कोणाचे नाव खोडलेले नाही त्याच्यावर. आणि पडवी आणखी एक पावसाळा काढील, असे तुम्ही मागल्या वर्षीही म्हणाला होतात.”

त्या लहानशा दुकानात काही क्षण पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मी चहाच्या पेल्यात पाहत बसलो. शेठ उठून मागल्या फळीवरचे काही तरी शोधू लागले. त्यांना तेथे काही हवे होते असे मला वाटत नाही. मुलीने आपले बोलणे ऐकले होते, आणि इतके दिवस मनात ठेवले होते, हे भावोजींना त्या क्षणी कळले. बापाला मुलीसाठी त्याग करण्याची हौस असते, आणि तो मुलीला दिसू नये अशी त्याची इच्छा असते. पण मुली पाहतात.

शेवटी त्यांनी घसा साफ केला. “मास्तर, तुमचे काय म्हणणे?”

मी मराठीचा मास्तर. माझी परीक्षा सोपी असते. मी त्या मागल्या मॉडेलच्या दाखल्याच्या यंत्रावर बसलो आणि मराठीची कळफलक-मांडणी सुरू करून चार ओळी लिहिल्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही इनस्क्रिप्टची मांडणी १९८० च्या दशकात सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या पुढाकाराने ठरली. आज ती विंडोजमध्ये फुकट मिळते. अक्षरे युनिकोडची असल्याने आज लिहिलेले दहा वर्षांनी कोठल्याही यंत्रावर उघडेल. यंत्र जुने झाले म्हणून लिहिलेले जुने होत नाही. उलट, जुन्या खासगी फाँटांत टंकलेले कित्येक लेखन मात्र उत्तमोत्तम नव्या यंत्रावरही किड्यामुंग्यांसारखे दिसते. म्हणजे टिकण्याचा प्रश्न यंत्राच्या सालाचा असतो तितकाच आपण त्यात काय आणि कसे ठेवतो याचाही असतो.

भाचीचे काम आकडेमोडीचे. तिच्या वर्गात लागणारे ‘आर’ आणि ‘पायथन’ दोन्ही फुकट, आणि पदवीपुरत्या अभ्यासाला या दहा कोअरचा वेग पुरून उरेल. कमी पडली तर आठ गिगाबाइटची मेमरी. म्हणून मी शेठना एकच विचारले, “मेमरीची जागा रिकामी आहे का?” त्यांनी सांगितले, आठ पक्की जोडलेली आहे आणि एक खोबण मोकळी आहे, लागेल तेव्हा दुसरी घाला. “ती मोकळी खोबण नसती, तर मी तुम्हाला हे घ्या असे म्हटले नसते,” असेही ते म्हणाले. कित्येक सडपातळ यंत्रांत आता सारेच जागच्या जागी डाख देऊन टाकतात, आणि मग घेताना जेवढे मिळाले तेवढ्यावरच जन्म काढावा लागतो.

राहिली खोक्याची तपासणी. न फोडलेले यंत्रसुद्धा म्हातारे होत असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी झिजते, आणि मुंबईच्या माळ्यावरच्या उकाड्यात जरा जास्तच. खोक्यावर निर्मितीचा महिना आणि साल छापलेले असते, ते पाहावे. यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमी आजपासून मोजणार की आधीच सुरू झाली, हेही तिथल्या तिथे पाहावे. आणि बिल पक्के घ्यावे, अठरा टक्के कर भरून. कच्च्या बिलाने चार पैसे वाचतात, पण यंत्र बिघडले की त्या कागदाचा उपयोग भेळ बांधण्यापलीकडे होत नाही.

सारे ठीक निघाले. भावोजींनी मग सदऱ्याच्या खिशातून घराची किल्ली काढली, खोक्याची चिकटपट्टी स्वतःच्या हाताने फोडली, आणि आतले यंत्र बाहेर काढून मुलीच्या हातात दिले. पडद्यावरचे पातळ आवरण काढू लागली तेव्हा म्हणाले, “राहू दे गं ते थोडे दिवस. नवे दिसते.” शेठनी आपणहून एक पिशवी दिली आणि कोकणातले म्हणून पावसापासून जपायला एक प्लॅस्टिकचे वेष्टणही. त्याचे पैसे घेतले नाहीत.

खाली उतरलो तो पावसाची पहिली सर आली. पदपथावरची वायरींची भेंडोळी क्षणार्धात ताडपत्रीखाली गेली, कुजबुजणारी पोरे दुकानांच्या छपराखाली सरकली, आणि ऑपेरा हाऊसकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ओल्या रस्त्यावर लांबू लागले. आम्ही एका चित्रपट वितरकाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. भावोजींनी पिशवी पोटाशी धरली होती. सर ओसरेपर्यंत ते बोटांवर काही तरी मोजीत होते. मला वाटले, पतपेढीचे हप्ते. पण थोड्या वेळाने ते मुलीला म्हणाले, “सागाचे नकोत. ऐनाचे वासे घातले तर एकवीसात बसेल सगळे.”

ती म्हणाली, “कौले किती लागतील?”

मग ग्रँट रोड स्टेशनपर्यंत बापलेक कौलांचा हिशेब करीत गेली. संख्याशास्त्राचा पहिला पाठ तेथेच सुरू झाला म्हणावयाचा. पडवीचे वासे दसऱ्यानंतर चढले, असे बहिणीने परवाच कळवले आहे. आणि भाचीच्या त्या मागल्या सालच्या यंत्रावर आमच्या घरच्या दिवाळीच्या फराळाचा जमाखर्च मांडलेला आहे. चकलीवरचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा वाढल्याचे त्यावरून स्पष्ट दिसते. घरात मात्र ते कोणाला मान्य नाही.